कृषी केंद्राचं काउंटर आणि उधारीची वही

बीएस्सी ॲग्री झालेली पोरं हल्ली तालुक्याच्या गावी कृषी केंद्र टाकतात. बियाणं, खत आणि कीटकनाशक असे तीन परवाने, कंपन्यांची उगम प्रमाणपत्रं (माल कंपनीकडूनच येतो याचा दाखला), गाळा, गोदाम एवढं जुळलं की दुकान सुरू. मग मृगाच्या तोंडावर पहिला कास्तकार येतो आणि म्हणतो, "भाऊ, पैसे कापूस आल्यावर." हा धंदा सचोटीचा होणार की नाही, याचा फैसला त्या वाक्यानंतर दुकानदार काय करतो त्यावर होतो.

सामाजिक जबाबदारी म्हटलं की वृक्षारोपणाचे फोटो आठवतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. तालुक्यातल्या कृषी केंद्राला हे लागू नाही. तसंही त्याची जबाबदारी वर्षाअखेरी बाजूला काढून ठेवता येत नाही. ती बिलागणिक पाळली जाते किंवा बुडते.

आधी उधारीचं गणित बघू, कारण बाकीच्या बहुतेक लबाड्या तिच्याच पोटात जन्मतात. बियाणं मे-जूनमध्ये जातं, खत जुलैत, फवारणीचा माल ऑक्टोबरपर्यंत. कापसाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो. समजा एका बाटलीवर छापील किंमत १००० रुपये आहे आणि रोखीनं ती ६५० ला मिळते. उधारीवाल्याच्या नावावर तीच ८५० ला लिहिली जाते. छापील किमतीच्या आत असल्यामुळं कायद्याच्या दृष्टीनं कुठं बोट ठेवता येत नाही. पण ६५० वर २०० रुपये, पाच महिन्यांसाठी, म्हणजे महिन्याला ६ टक्क्यांहून जास्त. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ते शून्य टक्क्यानं पडतं. हा फरक कास्तकाराला कळत नाही असं नाही. बँकेत जुनं थकीत असतं, नाहीतर कर्ज मंजूर होईस्तोवर पेरणी उलटून जाते. म्हणून तो काउंटरवर येतो.

व्याजापेक्षा वाईट गोष्ट वेगळी आहे. उधारीचं गिऱ्हाईक "हे नको" म्हणू शकत नाही. रोखीवाला बाटली परत सरकवतो, शेजारच्या दुकानात भाव विचारतो. ज्याची मागची बाकी वहीत आहे, तो दुकानदार देईल ते पिशवीत टाकून घरी जातो. युरियासोबत लिंकिंगची, म्हणजे बळजबरीनं जोडून दिलेली, बाटली कोणाच्या पिशवीत जाते? न खपलेलं पिकाचं टॉनिक कोणाच्या नावावर पडतं? मुदत संपत आलेला माल कोणाला दिला जातो? एकदा वही उघडून बघा, उत्तर सारखंच येईल.

उधारी बंद करा असं म्हणणं सोपं आहे, पण विदर्भात ते चालत नाही. दुकान चालणार नाही आणि पेरणीही थांबेल. करता येतं ते एवढं: रोख आणि उधार असे दोन्ही भाव फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे. साठा आणि दर दिसेल असा फलक लावणं बियाणे नियंत्रण आदेश १९८३ आणि खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे बंधनकारकच आहे. त्यातच उधारीचा एक रकाना वाढवायचा. दोन भावांमधला फरक महिन्यावारी ठरवायचा, म्हणजे सप्टेंबरात माल नेणाऱ्याला जूनवाल्याइतका बोजा पडत नाही. आणि माल नेला त्याच दिवशी, त्याच दराचं पक्कं बिल. "कापूस आला की बिल करू" या सवयीत दर मागाहून टाकायला मोकळी जागा राहते.

बिलात काय हवं तेही नीट बघा. बियाण्याच्या बिलावर वाण, लॉट नंबर, मुदत, थैल्यांची संख्या आणि कास्तकाराचं नाव-गाव-सही. कीटकनाशकाच्या बिलावर बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख. यात एक गोष्ट मी आग्रहानं सांगेन, जी छापील बिलात सहसा नसते: कंपनीच्या नावापुढं आतला घटक हातानं लिहा. 'प्रोफेनोफॉस ५० टक्के', 'डायफेन्थ्युरॉन ५० टक्के', असं. रात्री ग्रामीण रुग्णालयात पेशंट गेला तर तिथल्या डॉक्टरला बाटलीचं बाजारातलं नाव कामाचं नसतं, आतलं रसायन लागतं. ऑरगॅनोफॉस्फेट (प्रोफेनोफॉस त्यातलंच) असेल तर ॲट्रोपिन हा उतारा सुरू करता येतो. डायफेन्थ्युरॉन किंवा पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर तसा उतारा नाही, उपचाराची दिशाच वेगळी. बाटली धुऱ्यावर (बांधावर) राहते, बिल खिशात असतं.

सोयाबीनच्या बियाण्यात दुकानदाराला सगळ्यात जास्त करता येण्यासारखं आहे आणि सगळ्यात कमी केलं जातं. सोयाबीनचं साल पातळ, अंकुर सालीला लागून. थैली ट्रकवरून आपटली की उगवण गेली. सातपेक्षा जास्त थैल्यांची थप्पी लावली की खालच्या दबतात. मे महिन्यात अकोला-वर्ध्याकडं पारा ४५ च्या आसपास जातो. अशा वेळी टिनाच्या शेडमध्ये थेट फरशीवर ठेवलेला लॉट कागदावर ७० टक्के उगवणीचा असला तरी जूनमध्ये ७० राहील याचा भरवसा नाही. लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर, वर हवा खेळायला जागा, आणि हमालाला थैली उचलून ठेवण्याची ताकीद. एवढ्यानं बरंच वाचतं.

मग प्रत्येक लॉटची उगवण दुकानातच तपासा. गोणपाट भिजवून पिळून घ्यायचं, त्यावर १० च्या १० ओळी, दोन दाण्यांत बोटभर अंतर, म्हणजे १०० दाणे. वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडायचं, पण ठिबकेल इतकं नाही. जास्त पाण्यानं दाणे सडतात आणि चांगला लॉट वाईट ठरतो. सहा-सात दिवसांनी उघडून फक्त निरोगी कोंब मोजायचे. लांबट, वाकडे, कुजके कोंब मोजणीत धरायचे नाहीत. इथं मन मोठं केलं की शेतात फटका बसतो. ७० आले तर एकरी ३० किलो. ६५ आले तर ३२ किलोच्या थोडं वर, ६० आले तर ३५ किलो. त्याच्या खाली आलं तर तो लॉट विकूच नये, परत पाठवावा. हा आकडा, लॉट नंबर आणि तारीख फळ्यावर लिहिलेली असली की कास्तकार एकरी किती बियाणं लागेल ते स्वतःच ठरवून नेतो. सोयाबीनचे वाण सरळ असतात, संकरित नाही, घरचं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं, हे सांगणंही दुकानदाराचंच काम आहे. थैल्या कमी खपतात, हे खरं.

प्रत्येक लॉटची एक न फोडलेली थैली हंगाम संपेपर्यंत बाजूला ठेवा. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. अशा वेळी बियाणं वाईट की पेरणी चुकली, हा वाद पुराव्याशिवाय मिटत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हायच्या आधी पेरलं, दाणा ५ सेंटिमीटरच्या खाली गेला, पेरणीनंतर जोराचा पाऊस येऊन माती बसली, तरी उगवण मार खाते. राखलेली थैली असेल तर प्रयोगशाळेत निकाल लागतो. बियाणे चाचणी प्रयोगशाळा नागपूरला आहे. थैली नसेल तर "तुमचीच पेरणी खोल गेली" आणि "तुमचंच बियाणं बोगस" एवढंच उरतं.

तक्रार आलीच तर कास्तकाराला टाळू नका, अर्ज लिहून द्या. अर्ज तालुक्याच्या कृषी कार्यालयात, सोबत बिल, थैली, थैलीवरचा टॅग, शिल्लक दाणे. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. ती यायच्या आत घाईनं सगळं शेत मोडून दुबार पेरणी केली की पाहायला काही राहत नाही. निदान एक पट्टा तसाच ठेवायला सांगा. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, तो ग्राहक मंचाकडं (आताच्या ग्राहक आयोगाकडं) जाऊ शकतो, असं स्पष्ट केलं. दुकानदार म्हणून हे तुमच्या विरोधात वाटेल, पण बिल, टॅग आणि राखलेली थैली नीट असेल तर दोष कंपनीचा की दुकानाचा हे तिथं दाखवता येतं.

कपाशीचं दुखणं वेगळं. बीजी-२ या बीटी कपाशी बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या थैलीचा दर केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ साठी तो ९०१ रुपये होता. मागणीच्या वाणाची थैली त्याच्या वर विकणं हा सरळ गुन्हा, त्यावर चर्चा नको. चर्चा लागते ती बिनपरवाना तणनाशकरोधक बियाण्याची, ज्याला आपल्याकडं चोरबीटी म्हणतात. कास्तकाराची गरज खोटी नाही: निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं हे बियाणं उघडपणे लावून आंदोलन केलं, ते त्याच पोटतिडिकीतून. पण विकणाऱ्याच्या बाजूनं बघा. थैलीवर खरा लॉट नाही, टॅग नाही, बिल नाही. त्यात साध्या बियाण्याची भेसळ असेल तर ग्लायफोसेट या तणनाशकाच्या पहिल्या फवारणीलाच ती झाडं जळतात, पराटीत (कपाशीत) खांडण्या, म्हणजे मोकळ्या जागा, पडतात, आणि कास्तकार तक्रार कोणाकडं नेणार? कायदा बदलायचा तर जरूर बदलावा, पण ज्या मालाची जबाबदारी घेता येत नाही तो रात्री गोदामातून विकणं, याला शेतकऱ्याची सेवा म्हणू नये.

आता फवारणी. २०१७ च्या जुलै ते नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी पराटी डोक्याएवढी वाढली होती, हवेत उकाडा आणि दमटपणा, हातात बारीक तुषार उडवणारे पॉवर पंप, आणि टाकीत दोन-तीन औषधांचं मिश्रण. त्यातली बरीच मिश्रणं दुकानाच्या काउंटरवर ठरलेली होती.

"पराटीवर भल्ला चुरडा आला, काही जालीम द्या" (पानं फार आकसलीत) असं कोणी म्हटलं की रॅककडं वळायच्या आधी पाच प्रश्न विचारा. पीक किती दिवसांचं? पानामागं काय दिसलं? मागच्या फवारणीत काय मारलं? पंप कोणता? आणि फवारणार कोण? पान आणायला सांगा, काउंटरवर १० पट दिसणारं भिंग ठेवा. एका पानावर सरासरी २-३ तुडतुडे किंवा १० फुलकिडे दिसल्याशिवाय फवारणीचा खर्च निघत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज ८ पतंग, किंवा १० टक्के फुलं-बोंडांत अळी, हा निकष. याच्या आत असेल तर "आठ दिवस थांबा, परत पान आणा" म्हणायचं. त्या दिवशी गल्ल्यात काही पडत नाही.

पंपाचा प्रश्न दुकानदार सहसा विचारत नाहीत आणि सगळा घोळ तिथंच होतो. मात्रा एकराची असते, पंपाची नाही. फ्लोनिकॅमिड ५० टक्के एकरी ६० ग्रॅम धरा. पाठीवरच्या हातपंपानं एकराला २०० लिटर पाणी लागतं, म्हणजे १५ लिटरच्या टाकीत साधारण साडेचार ग्रॅम. पॉवर पंपानं तेच एकर ७५ लिटरमध्ये होतं, म्हणजे पाच टाक्या, प्रत्येकी १२ ग्रॅम. हे न सांगता "टाकीला एक झाकण" म्हणून सोडलं की एकाकडं मात्रा अर्धी पडते, कीड मरत नाही, तो पुढच्या खेपेला दुप्पट मारतो. दुसऱ्याकडं आधीच दुप्पट गेलेली असते. आणि पॉवर पंपाच्या टाकीतलं पाणी अडीच पटीनं जहाल आहे, गळणारी टाकी पाठीवर घेऊ नका, हेही त्याच दमात सांगावं लागतं.

मिश्रण मागितलं तर आधी दोन्ही बाटल्यांवरचा घटक वाचा. नावं वेगळी आणि आतलं औषध एकच, हे नेहमीचं. लेबलवर नसलेलं मिश्रण स्वतःहून सुचवू नका.

लेबलवरचा त्रिकोण: लाल अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. पण रंगावर विसंबून राहू नका. पॅराक्वाटचा त्रिकोण पिवळा असतो आणि त्याला उतारा नाही. मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यासाठी २००५ मध्ये बंदी आली (त्याचं ३६ टक्के द्रावण २०२३ च्या आदेशानं एकूणच बंद केलं), तरी कपाशीसाठी नेलेलं धुऱ्याच्या वांग्यांवर जात राहिलं. म्हणून "घरी वांगी-मिरची आहे का" हाही प्रश्न. मोठ्या कॅनमधून शंभर मिली दारूच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये ओतून देणं तर कधीच नाही. लेबल नसलेली ती बाटली घरात फडताळावर जाते. किराणा आणि कीटकनाशक एकाच इमारतीत ठेवायलाही नियमांत मनाई आहे, खेड्यात मात्र साखरेच्या पोत्याशेजारी खोकं दिसतं.

आणि फवारणार कोण? बहुतेकदा विकत घेणारा वेगळा आणि पंप पाठीवर घेणारा सालदार वा रोजंदारीचा मजूर वेगळा. माहितीपत्रक मालकाच्या खिशात राहतं. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून वाटलेले सुरक्षा संच ऑक्टोबरच्या उन्हात कोणी घालत नाही, हे मान्य करून पुढं बोलावं. जे घालता येतं ते सांगा: नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडावर मास्क, आणि कमरेपासून खाली प्लास्टिकचा कपडा, कारण ओल्या पानांतून चालताना मांड्यांवाटेच औषध अंगात भिनतं. वारा पाठीकडून किंवा बाजूनं. छातीच्या वर गेलेल्या पराटीत पॉवर पंप नको. मळमळ, डोळ्यांपुढं अंधारी, घाम सुटला की पंप खाली, कपडे काढून साबणानं अंग धुणं, १०८ ला फोन आणि सोबत बिल. हे बोलायला काउंटरवर तीन मिनिटं लागतात. मजुरालाच दुकानात पाठवा असं मालकाला म्हटलं तर बरेच जण पाठवतात.

लिंकिंगबद्दल थोडक्यात, कारण सोपा उपाय नाही. युरियाची ४५ किलोची थैली २६६ रुपये ५० पैशांना विकायची, त्यात कमिशन तुटपुंजं, आणि पुरवठा करताना वरून नॅनो खत, विद्राव्य खत, सूक्ष्म अन्नद्रव्य गळ्यात मारलं जातं. तो ढीग पुढं कास्तकाराच्या गळ्यात मारायचा की गोदामात सडू द्यायचा? मोजक्या दुकानदारांनी मिळून मागणी नोंदवली, लिंकिंग लेखी नाकारलं आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार दिली, तर काही वेळा सुटका होते. झाली नाही तर युरिया कमी येतो, गिऱ्हाईक दुसरीकडं जातं. खताची विक्री नोंदवणाऱ्या ई-पॉस मशीनवर एकाच आधार क्रमांकावर थैल्या विकल्याचं दाखवून साठा जुळवायचा मोह त्याच वेळी होतो. मशीन आणि गोदाम जुळलं नाही की परवाना निलंबित.

टॉनिकच्या बाटल्यांत दुकानदाराला सगळ्यात जास्त सुटतं, टार्गेट पूर्ण केलं की परदेश सहलही मिळते. त्या सहलीचं तिकीट उधारीच्या वहीतून निघतं. 'जैविक' म्हणून विकलेल्या बाटलीनं एका रात्रीत कीड पडली तर आनंद मानू नका, आत रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं असण्याचाच संभव जास्त. २०२१ पासून जैव-उत्तेजकं, म्हणजे अशी टॉनिकं, खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. नोंदणीचा कागद दाखवल्याशिवाय एकही खोकं उतरवून घेऊ नका.

राहिला हिशेब. दिवाळीनंतर बाकी वसूल करताना "कापूस आमच्याच काट्यावर घाला" ही अट घालू नका. सीसीआयच्या (भारतीय कपास निगमच्या) केंद्रावर हमीभाव मिळतो, १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो (८ च्या वर कपात होते), पैसे थेट खात्यात येतात. त्याला काही दिवस उशीर झाला तर तेवढी कळ काढावी. हिशेबाला बसताना बिलांच्या प्रती काढून एकेक ओळ वाचून दाखवायची आणि बेरजेची नक्कल त्याच्या हातात द्यायची. २०१७ च्या बोंडअळीसारखं वर्ष गेलं आणि पैसे आलेच नाहीत, तर आकडा तोच ठेवून नवी तारीख टाकायची, दोघांनी सही करायची. थकलेली बाकी नव्या वर्षाच्या चढ्या दरानं पुन्हा मुद्दल म्हणून लिहिली की तिसऱ्या हंगामापर्यंत ती फिटण्यापलीकडं गेलेली असते, आणि मग ना दुकानदाराला पैसे मिळतात, ना तो कास्तकार त्या रस्त्यानं पुन्हा येतो.